पानाच्या बेचक्यातून निघालंय ते मूळ की दांडा?

गुहागरच्या एका ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मागच्या वर्षी गणपतीच्या खरेदीला कोल्हापूरला गेल्या असताना त्यांनी फुलांनी भरलेलं पांढरं फॅलेनॉप्सिस ऑर्किड आणलं. फुलं दोन-अडीच महिने टिकली, मग दांडा वाळला आणि त्यांनी तो कापून टाकला. झाड वर्षभर पडवीत होतं. यंदाच्या पावसात त्याला दोन नवी पानं आली. आता डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरून तिसऱ्या पानाच्या बेचक्यातून एक हिरवं टोक बाहेर पडलंय. वीस-बावीस दिवस झाले, तरी ते दोन बोटांपलीकडे वाढलेलं नाही. शेजारच्या काकूंच्या डेंड्रोबियम ऑर्किडला मात्र दांडा दिसल्यापासून दीड महिन्यात फुलं आली. हे मूळ की फुलांचा दांडा, दांडा असेल तर इतका सावकाश का, दुकानदाराने दिलेलं ००:५२:३४ खत घालावं का आणि कुंडी आत्ताच बदलून घ्यावी का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, तुमच्या वर्णनावरून हा दांडाच आहे. कुंडीला हात लावू नका आणि खताची ती पुडी तशीच बाजूला ठेवा. कारणं आता सविस्तर सांगते, कारण हे एकदा नीट कळलं की पुढच्या वर्षी कुणाला विचारावं लागणार नाही.

मूळ आणि दांडा सुरुवातीला खरोखरच सारखे दिसतात. दोन्ही हिरवे असतात आणि दोन्ही पानाचा तळ फोडून बाहेर येतात. माझ्याकडे झाडं घ्यायला येणारी दहातली सात-आठ माणसं पहिल्यांदा हीच चूक करतात. फरक टोकात असतो. मुळाचं टोक मोड आलेल्या मुगासारखं गोल आणि गुळगुळीत असतं, थोडं चमकतं, कधी हिरवं तर कधी तांबूस दिसतं. आठ-दहा दिवसांत त्याच्या मागचा भाग चंदेरी-पांढरा व्हायला लागतो. ती मुळावरची स्पंजासारखी साल. पाणी पडलं की हिरवी दिसते, सुकली की पुन्हा चंदेरी. दांड्यावर ही साल कधीच येत नाही, तो टोकापासून बुडापर्यंत हिरवा किंवा जांभळट राहतो. त्याचं टोक गोल नसून चपटं असतं आणि त्यावर एका कडेला बारीक खाच दिसते, जणू कोवळी खवल्यासारखी पानं एकावर एक मिटून ठेवली आहेत. तुम्ही लिहिलेलं ‘एका बाजूने चपटं, टोकाशी जरा चिरलेलं’ हे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

दुसरी खूण दिशेची. मूळ कुठेही जातं, आडवं, खाली, कुंडीबाहेर, कधी सरळ हवेत. दांडा बाहेर आल्यावर लवकरच वर वळतो आणि उजेडाकडे झुकतो. तिसरी खूण जागेची. दांडा पानाच्या अगदी बेचक्यातून, खोडाला लागून निघतो, आणि बहुधा वरून दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पानाखालून. मुळं खोडावर खालच्या अंगाला जास्त फुटतात. तरीही शंका राहिली तर चार-पाच दिवस थांबा. दांडा दीड-दोन इंच झाला की त्यावर पहिलं पेर दिसतं, बांबूच्या कोंबावर दिसतं तसं, आणि पेरावर त्रिकोणी खवला. मुळाला पेर नसतं. तिथे वाद संपतो.

आता तो आला कसा, ते पाहू. याला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण कोकणात फॅलेनॉप्सिस न फुलण्याचं मूळ इथेच आहे.

फॅलेनॉप्सिसच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात निजलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब असतात. झाड विकत आणलं तेव्हाही ते होते आणि भर उन्हाळ्यातही असतात. त्यांना जागं करतो तो गारवा. या झाडाचे रानटी पूर्वज फिलिपाइन्स, तैवान, इंडोनेशिया या भागांतल्या जंगलांत झाडांवर वाढतात. तिथे गार हंगाम आला की दांडे फुटतात. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर डोळे निजलेलेच राहतात आणि झाड नुसती पानं देत बसतं. दिवसाचं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास आणि रात्रीचं १८-२० पर्यंत उतरून असं चार-सहा आठवडे टिकलं, की डोळा हलतो. तैवानमधले उत्पादक उन्हाळ्यातही फुलं मिळावीत म्हणून कुंड्या डोंगरावरच्या थंड हवेत नेऊन ठेवत, ते याचसाठी. तुम्ही फुललेलं झाड आणलंत, त्याला अशीच गार हवा कुणीतरी पॉलिहाउसमध्ये यंत्राने दिलेली असते. म्हणून ते गणपतीत फुललेलं मिळालं. आपल्या पडवीत ते गणपतीत फुलणार नाही.

हापूसवाल्या घरात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रात्री थंड झाल्या की कलमांना मोहोर येतो. थंडी पडली नाही की त्याच फांद्यांना पालवी फुटते आणि बागायतदार कपाळाला हात लावतो. डोळा तोच असतो, त्याचं फूल व्हायचं की पान हे हवा ठरवते. फॅलेनॉप्सिसच्या दांड्याचंही तसंच आहे. हे साम्य मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हापासून मी वेंगुर्ल्यातल्या माझ्या झाडांचं भाकीत कलमांकडे बघून करते. ज्या वर्षी आमच्याकडे मोहोर लवकर आणि भरघोस आला, त्या वर्षी दांडेही लवकर आले आहेत.

आपली अडचण अशी की किनाऱ्यावर रात्री गार होतात, पण दिवस होत नाहीत. जानेवारीतही दुपारी पारा ३१-३२ वर जातो. सकाळी मतलई वारे सुटतात, ते कोरडे असतात, आणि समुद्राचा वारा सुरू होईपर्यंत ऊन तापलेलं असतं. म्हणून थंडीच्या दिवसांत झाड कुठे ठेवलंय यावर सगळं अवलंबून असतं. तुमची पडवी कौलारू आहे, खाली जांभ्याची फरशी आहे, बाजूला माड-पोफळीची सावली आहे. अशा जागेत दुपारीही दोन-तीन अंश कमी भरतात आणि रात्रीचा गारवा सकाळी उशिरापर्यंत टिकतो. तुमच्या दांड्याचं श्रेय मी त्या पडवीला देईन. चिपळूण-रत्नागिरीत स्लॅबच्या घरात राहणारे कितीतरी लोक सांगतात की चार वर्षं झाली, पानं हातभर आहेत, दांडा नाही. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उष्णता सोडत राहते आणि गॅलरीतलं झाड गारवा बघतच नाही. त्यांना मी एकच उपाय सांगते. डिसेंबर लागला की झाड भिंतीपासून दूर, उघड्यावर एखाद्या झाडाच्या दाट सावलीत टांगा आणि दुपारी खालची जमीन पाण्याने भिजवा. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात, तिथल्या लोकांना हा खटाटोप फारसा करावा लागत नाही. आंबोलीला तर साधारण ७०० मीटर उंचीमुळे गारवा आयताच मिळतो, मात्र तिथे पावसाळ्यात झाड सडण्यापासून वाचवणं हेच मोठं काम होऊन बसतं.

गारव्याने डोळा जागा होतो हे खरं, पण तो दांडा वाढवायला लागणारं अन्न आधीच झाडात असावं लागतं. ते येतं पावसाळ्यातल्या पानांतून आणि मुळांतून. यंदाच्या पावसात तुमच्या झाडाला दोन नवी पानं आली, म्हणजे शिदोरी भरली. दांडा पोसायला निदान चार-पाच टणक पानं हवीत. दोन-तीनच पानं असतील, ती लोळत असतील, सुरकुतली असतील, तर मुळं गेली आहेत असं समजा. मरू घातलेलं झाडसुद्धा कधीकधी दांडा काढतं, जाता जाता बी धरून जावं म्हणून. तसा दांडा बोटभर असतानाच कापावा. हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण समोरच्या माणसाने वर्षभर त्याची वाट पाहिलेली असते. पण त्या दांड्याला फुलू दिलं तर मागे झाड उरत नाही. तुमच्यावर ही वेळ नाही, तुमची पानं टणक आहेत.

आता सावकाशीबद्दल. पहिले दोन-तीन आठवडे दांडा जेमतेम बोट-दीड बोट वाढतो. मग वेग घेतो, आठवड्याला दोन ते पाच सेंटिमीटर, हवेनुसार. मध्येच चार दिवस थांबल्यासारखा वाटतो, विशेषतः थंडीची लाट आली की. डोळ्यांना ही वाढ दिसत नाही आणि नवखा माणूस घाबरून खत, पाणी, जागा सगळं बदलायला लागतो. म्हणून मी सगळ्यांना हीर लावायला सांगते. खराट्यातला एक सरळ हीर घ्या, दांड्याशेजारी कुंडीतल्या भरणीत हलकेच रोवा, मुळाला टोचणार नाही असा. दर रविवारी दांड्याचं टोक जिथे असेल तिथे हिरावर पेनाने रेघ मारा. तीन रेघा झाल्या की तुमची काळजी आपोआप कमी होईल. शिवाय दोन रेघांमधलं अंतर पुढे बरंच काही सांगतं. अंतर वाढत असेल तर उत्तम. दांडा हातभर झाल्यावर अंतर कमी होऊ लागलं आणि टोक नागमोडी वळायला लागलं तर कळ्या धरायची वेळ झाली. पण दांडा वीतभरही नसताना दोन आठवडे एकाच जागी रेघ पडत असेल, तर टोक बघा. ते तपकिरी झालं असेल किंवा कुरतडलेलं असेल तर वाढ तिथेच थांबली. अशा वेळी खालच्या पेरातून कधी फांदी फुटते, त्यामुळे लगेच उपटू नका.

दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत फॅलेनॉप्सिसला साधारण अडीच ते साडेतीन महिने लागतात. तुमचा दांडा डिसेंबरच्या मध्यावर दिसला, म्हणजे पहिलं फूल मार्चमध्ये, होळीच्या आगेमागे. खालची तीन-चार पेरं रिकामी राहतील, त्यांच्या खवल्याखाली डोळे निजलेलेच राहतात. त्याच्या वरच्या पेरांपासून कळ्या धरतील. कळी आधी साबुदाण्याएवढी असते, मग वाटाण्याएवढी, मग छोट्या बदामासारखी टपोरी. खालची कळी टपोरी होते तेव्हा टोकाला अजून नवी मोहरीएवढी कळी सुटत असते, त्यामुळे फुलं बुडाकडून टोकाकडे एकेक करून उमलतात. सगळी एकदम उमलत नाहीत म्हणून काही बिघडलं असं समजू नका.

या काळात एक पथ्य कडक पाळा. कुंडी फिरवू नका. दांडा उजेडाकडे बघून वाढतो आणि प्रत्येक कळी उमलताना देठावर वळून उजेडाकडे तोंड करते. कुंडी आज इकडे, उद्या तिकडे केली की दांडा वेडावाकडा होतो आणि फुलं एकमेकांकडे पाठ करून बसतात. पाणी घालायला कुंडी उतरवत असाल तर कडेला खडूची खूण करा आणि त्याच तोंडाने परत टांगा.

आधार द्यायचा तो दांडा वीतभर झाल्यावर. आपल्याकडे चिव्याच्या, म्हणजे बांबूच्या बारीक काठीसारखा दुसरा आधार नाही, सरळ असते आणि पाण्यात लवकर कुजत नाही. बांधायला केळीच्या सोपटाचा धागा, सैल, आठाच्या आकड्यात. दांडा पाणी पिऊन ताठ झालेला असताना वाकवू नका, काकडीसारखा मोडतो. कुंडी सुकत आलेली असताना, संध्याकाळी, एका वेळी थोडासाच वळवा. किंवा बांधूच नका. रानात ही झाडं फांदीवरून कलती वाढतात आणि त्यांचे दांडे कमानीसारखे लोंबतात. मला तेच जास्त शोभून दिसतं.

खताचं सांगते. ००:५२:३४ मध्ये नत्र नाही, नुसतं स्फुरद आणि पालाश. द्राक्ष-आंब्याच्या बागेत ते वापरतात, म्हणून दुकानदार ऑर्किडलाही तेच हातात देतो. पण या झाडाचा दांडा स्फुरदाने फुटत नाही, गारव्याने फुटतो, आणि तुमचा तर फुटलेलाच आहे. जास्तीचे क्षार कुंडीतल्या कोळशात आणि सोडणात (नारळाच्या सालीत) साठून राहतात आणि मुळांची हिरवी टोकं जाळतात. नत्र, स्फुरद आणि पालाश सारखंच असलेलं १९:१९:१९ अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी देऊन मग खताचं पाणी. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा. इतकं पुरतं. एका बागायतदाराने मला विचारलं होतं की कलमांना घालतो ते पॅक्लोब्युट्राझोल ऑर्किडला थोडं दिलं तर? अजिबात देऊ नका. ते वाढ आखडतं, दांडा बुटका होतो आणि फुलं एकमेकांवर दाटतात.

पाणी मुळांकडे बघून द्या. पारदर्शक कुंडी असेल तर मुळं हिरव्याची चंदेरी झाली की सकाळी पाणी. कोरड्या मतलई वाऱ्यात कोळसा भरलेली कुंडी तीन-चार दिवसांत सुकते. पानांच्या मधोमध शेंड्यात पाणी साठू देऊ नका, साठलंच तर कापसाने टिपून घ्या. शेंडा कुजला की हे झाड वर वाढू शकत नाही. आणि आता खाडीकाठच्या सगळ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मार्चनंतर खाडीजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ होतं. आपल्याला ते चवीला थोडं जड लागतं, ऑर्किडला ते विष आहे. आधी मुळांची टोकं काळी पडतात, मग पानांची टोकं करपतात, मग कळ्या गळतात. ज्यांना जमेल त्यांनी पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी झाकणाच्या पिंपात साठवून ठेवावं. दोन-चार कुंड्यांना उन्हाळाभर एक पिंप पुष्कळ होतं.

कळ्या गळणं हा या प्रवासातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग, म्हणून त्याच्याविषयी आधीच सांगून ठेवते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका जांभळ्या फॅलेनॉप्सिसला अकरा कळ्या होत्या. एप्रिलचा पहिला आठवडा होता, बाहेर ऊन वाढलं म्हणून मी कुंडी घरात माजघरात आणून ठेवली. चार दिवसांत कळ्या पिवळ्या पडल्या, देठापाशी सुकल्या आणि एकामागून एक गळाल्या. पाणी ठीक होतं, मुळं ठीक होती, कीड नव्हती. कारण त्याच खोलीच्या कोपऱ्यात होतं, आंब्याची अढी. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं. तो वायू आंब्याला पिकवतो आणि ऑर्किडच्या कळीला म्हातारं करतो. आपल्याकडे फॅलेनॉप्सिस फुलण्याचा हंगाम आणि हापूस पिकवण्याचा हंगाम अगदी एकमेकांत मिसळलेले आहेत, त्यामुळे कोकणातल्या घराला हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. पिकत घातलेले आंबे, केळीचा घड, फणस यांच्या खोलीत कळ्यांचं झाड आणू नका. धुरातही इथिलीन असतं. चुलीचा धूर, आणि मार्च-एप्रिलमध्ये भातशेतीची भाजावळ होते तिचा धूर. तुमच्या पडवीसमोर तरव्याची जमीन भाजणार असाल, तर त्या दिवशी कुंडी मागच्या दारी, वाऱ्याच्या उलट्या अंगाला न्या. कुंडी हलवू नका असं मी वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद.

कळ्या गळण्याची बाकीची कारणं साधी आहेत. एकदम कोरडी हवा, पंख्याचा थेट वारा, एसीची खोली, आठवडाभर द्यायचं राहून गेलेलं पाणी, किंवा उलट सतत ओली राहून कुजलेली मुळं.

दांड्यावर कधीकधी स्वच्छ चिकट थेंब दिसतात, मधासारखे. नुसते थेंब असतील तर तो झाडाचाच गोड रस, रोग नव्हे. पण त्यासाठी मुंग्या येतात, आणि मुंग्या पिठ्या ढेकणांना आणून वसवतात. म्हणून थेंब दिसले की पेराचा खवला उचलून खाली बघा. पांढरा कापूस दिसला तर कानकोरणीच्या कापसावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा, दर चार दिवसांनी, तीन-चार वेळा. पावसात मात्र शत्रू वेगळा, गोगलगाय. एका रात्रीत कोवळ्या दांड्याचं टोक खाऊन जाते आणि सकाळी फक्त चकाकती रेघ उरते. पावसात टॉर्च घेऊन रात्री नऊनंतर कुंड्यांच्या बुडाशी बघणं यावर मला अजून दुसरा खात्रीचा उपाय सापडलेला नाही.

शेजारच्या काकूंच्या डेंड्रोबियमशी तुलना करू नका, तो वेगळा जीव आहे. बाजारात मिळणारी जांभळी-पांढरी संकरित डेंड्रोबियम उष्ण हवेची आहेत. त्यांना गारव्याची गरज नाही, त्यांना हवा भरपूर उजेड, साधारण ५० टक्के सावलीच्या शेडनेटखालचा. म्हणून किनाऱ्यावर नवख्याने सुरुवात करावी तर डेंड्रोबियमपासून, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा दांडा उसासारख्या कांडीच्या वरच्या पेरातून येतो, कांडी पूर्ण वाढून शेवटचं पान उघडल्यावर. दीड-दोन महिन्यांत फुलतो आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा येतो. तिथे गफलत होते ती दांडा आणि पिल्लू, म्हणजे कांडीवरच फुटणारं छोटं रोप, यांत. पिल्लू निघतं ते बुडाशी फुगीर असतं आणि लवकरच पानं काढून खाली मुळं सोडतं. दांडा पेन्सिलच्या शिशासारखा बारीक आणि टोकदार निघून लांबत जातो. सावली जास्त, पाणी जास्त, नत्र जास्त झालं की दांड्याच्या जागी पिल्लंच येतात. आणि जुन्या, पानं गळलेल्या कांड्या मेल्या म्हणून कापू नका. पुढच्या हंगामात त्याच कांडीच्या दुसऱ्या पेरातून दांडा येऊ शकतो.

व्हॅन्डा या आणखी एका ऑर्किडचा दांडा फॅलेनॉप्सिससारखाच पानाच्या बेचक्यातून येतो, मात्र त्याला कोवळं ऊनसुद्धा लागतं. ऑन्सिडियमचा नव्या गड्ड्याच्या बुडातून, पानाच्या खोबणीतून येतो.

आपल्या आंब्या-फणसावरच्या रानटी आमरींचाही, म्हणजे रानटी ऑर्किडांचाही एक शब्द. मे-जूनमध्ये सीतेची वेणी फुलते तेव्हा तिचा दांडा वर न जाता खाली लोंबतो, भरगच्च गजऱ्यासारखा. अनेक जण तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस पितं, आमरी नुसती सालीवर बसते आणि पावसातून, धुक्यातून आपलं पाणी घेते. तुमच्या परड्यात असेल तर राहू द्या, आणि रानातली काढून घरी आणू नका. वर्षभर तिच्याकडे बघत राहिलात तर दांडा कधी, कुठून आणि कोणत्या हवेत फुटतो हे ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं शिकवेल.

परत तुमच्या झाडाकडे. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन एकदम चढलं आणि तोपर्यंत कळ्या धरलेल्या नसल्या, तर एक गोष्ट घडू शकते. कळ्यांऐवजी पेरावर किंवा टोकाला छोटी पानं दिसायला लागतील. मोहोराऐवजी पालवी यावी, तसंच हे. तेही पिल्लूच. त्याला तीन पानं आणि तीन-चार बोटभर मुळं आली की दांड्याच्या तुकड्यासकट कापून वेगळं लावता येतं. फुलं गेली म्हणून हळहळ वाटेल, पण दुसरं झाड मिळेल. हे टाळायचं असेल तर फेब्रुवारीपासून दुपारी पडवीची फरशी दोनदा भिजवा आणि कुंडी सगळ्यात गार कोपऱ्यात राहू द्या.

फुलं ओसरल्यावर दांडा हिरवा असेल तर लोक खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापून पुन्हा फुलं मिळवतात. थंड गावात ते छान जमतं. आपल्याकडे ती वेळ एप्रिल-मेची, ऐन उन्हाळ्याची. त्या फुलांसाठी झाड आपली शिदोरी संपवतं आणि मग पावसात नवं पान उशिरा येतं. मी पहिल्या दोन-तीन वर्षांत दांडा बुडापासून कापायला सांगते, कात्री आधी गॅसवर तापवून.

आणि कुंडी तेव्हाच बदला, आत्ता नाही. आत्ता मुळं हलली तर झाड आधी दांडा सोडून देईल. मे संपत आला की मुळांना नवी हिरवी टोकं फुटू लागतात, तोच मुहूर्त. तुमच्या कुंडीत नुसती सोडणं भरलेली दिसतात, ती गुहागरच्या पावसात सडतील. निम्मा लाकडी कोळसा, उरलेल्यात विटेचे आणि जांभ्याचे सुपारीएवढे तुकडे, आणि वरून सोडणाचे मूठभर तुकडे. सोडण आधी आठवडाभर पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला, तांबडा रंग सुटायचा थांबेपर्यंत. पोकळ, काळी मुळं कापा, टणक ठेवा. नवी कुंडी जुन्यापेक्षा बोटभरच मोठी घ्या आणि पहिला जोराचा पाऊस येण्याआधी ती पडवीच्या आत, पागोळ्यांपासून हातभर दूर टांगा.